त्रण दरवाजाचा खांब

अहमदाबादच्या माणेक चौकात आईच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून आम्ही त्रण दरवाजाला गेलो. तो आमच्या यादीत नव्हता. यादीत साबरमती आश्रम होता, अडालजची विहीर होती, पाटणची राणी की वाव होती. गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत आम्ही सहाजण पुण्याहून अहमदाबादला गेलो होतो. मी, माझा नवरा, आमची लेक, दादा, वहिनी आणि आई. बाबा गेल्यानंतरची ही पहिली एकत्र सहल. आईला एकटं वाटू नये म्हणून ती ठरवली होती, असं आम्ही दोघं भावंडं एकमेकांना सांगत होतो.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महापालिकेच्या हेरिटेज वॉकला निघालो. पोळांमधून, म्हणजे त्या बंदिस्त गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, लाकडी कोरीव घरं आणि पक्ष्यांचे चबुतरे बघत जामा मशिदीपाशी पोचायचं. आई शहात्तर वर्षांची आहे. तिने पूर्ण चाल केली, कुठेही ‘पुरे’ म्हटलं नाही. शेवटी वाट दाखवणाऱ्या तरुणाने आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकलं आणि निरोप घेताना म्हणाला, ‘‘आप लोग त्रण दरवाजा जरूर देखना. वहाँ खंभे पर आपके मराठाओं का हुकम लिखा है, बेटियों के लिए.’’ आम्ही बरं म्हटलं आणि विसरलो. मग चप्पल तुटली. दागिन्यांच्या दुकानापाशी एका बाईंना विचारलं, चपला कुठे मिळतील? त्यांनी पश्चिमेकडे हात केला. त्रण दरवाजा.

सरकारी पाट्यांवर तीन दरवाजा, पण तिथली माणसं त्रणच म्हणतात. गांधी रोडने थोडं चाललं की तो रस्त्यावर आडवा उभा दिसतो. तीन कमानी. मधली सुमारे १७ फूट रुंद, बाजूच्या दोन तेरा-तेरा फुटांच्या, उंची २५ फूट. आकडे ऐकून तो फार मोठा वाटत नाही आणि समोर उभं राहिल्यावरही तो अंगावर येत नाही. अहमदाबादच्या मशिदींच्या मिनारांवर असतं तसं बारीक कोरीवकाम त्याच्या खांबांवर पायथ्यापासून वर चढत गेलेलं आहे. अहमदशहाने १४११ मध्ये भद्रचा किल्ला आणि नवं शहर वसवायला घेतलं, त्यानंतर चार वर्षांत, १४१५ पर्यंत, हा दरवाजा उभा राहिला. किल्ल्यापुढे मैदान-ए-शाह, शाही मैदान, आणि तिथून शहरात शिरायची ही वाट. सुलतानाची स्वारी इथून शुक्रवारच्या नमाजाला जामा मशिदीकडे जायची. शहराभोवतीची बारा वेशींची मोठी तटबंदी नंतरची, पुढचा सुलतान महमूद बेगडा याची. तो तट बहुतेक पडला, पाडला गेला. हा दरवाजा त्या तटातला नव्हताच, तो आतला, आणि तो राहिला.

राहिला म्हणजे वापरात राहिला, हे मला सगळ्यात आवडलं. कमानीखालून स्कूटर जातात, रिक्षा जातात, डोक्यावर गाठोडं घेतलेला हमाल जातो. दोन्ही अंगांना लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, आहेत : कुर्ते, ओढण्या, बांगड्या, लहान मुलांचे चष्मे, चपलांचे ढीग. जवळच ढालगरवाड, कापडाचा बाजार. आपल्याकडे जुन्या वास्तूला कुंपण घालून बाहेर कुलूप लावायची सवय झाली आहे. इथे सहाशे वर्षांचा दगड बाजाराच्या मधोमध उभा आहे आणि त्याच्या सावलीत कुणीतरी घासाघीस करतंय.

चपलावाल्याने आईला बघून लगेच प्लास्टिकचं स्टूल पुढे केलं. ‘‘मासी, बेसो.’’ साठीचा असेल. आईच्या पायाला एकही चप्पल पटकन बसेना, तिच्या अंगठ्याजवळचं हाड वर आलंय. तो शांतपणे एकेक जोड काढत राहिला आणि बोलत राहिला. दिव्याची गोष्ट त्यानेच सांगितली.

अहमदशहाच्या काळी एका रात्री लक्ष्मी शहर सोडून जायला वेशीपाशी आली. पहाऱ्यावर ख्वाजा सिद्दीक कोतवाल होता. त्याने तिला ओळखलं. म्हणाला, बादशहाची परवानगी आणतो, मी परत येईपर्यंत आपण इथून हलू नका. देवीने शब्द दिला. कोतवाल बादशहाकडे गेला आणि त्याने स्वतःचं शिर उतरवलं. तो परत येणार नाही, म्हणजे लक्ष्मी जाणार नाही. भद्रला त्या कोतवालाची कबर आहे आणि भद्रकाळीचं मंदिर आहे. आणि या दरवाजाच्या एका कोनाड्यात लक्ष्मीच्या नावाने दिवा जळतो. तो एक मुसलमान कुटुंब पिढ्यानपिढ्या लावत आलंय, सहाशे वर्षं विझू दिला नाही, असं तिथली माणसं सांगतात.

आमच्या लेकीने डोळे मोठे केले. दादा म्हणाला, किती सुंदर. आई मात्र बराच वेळ काही बोलली नाही. नव्या चपलेचा बंद ओढून बघत होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तिला जायचं होतं. शब्द दिला म्हणून अडकली बिचारी.’’

चपलावाल्याला मराठी कळलं नसावं, पण तो मान हलवून हसला.

मग मला सकाळच्या मुलाचं बोलणं आठवलं आणि मी त्याला हुकमाबद्दल विचारलं. त्याने बसल्या जागेवरून खांबाकडे बोट केलं. लेख देवनागरीत आहे. अक्षरं झिजलेली, धुळीने भरलेली. एखादं अक्षर हाताला लागतं, पुढचं निसटतं. सलग वाक्य काही आम्हाला लावता आलं नाही. लेकीने फोनवर शोधून त्याचा आशय वाचून दाखवला, रस्त्याच्या आवाजामुळे जवळजवळ ओरडून.

१० ऑक्टोबर १८१२ चा हुकूम. अहमदाबादचा मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने काढलेला. बापाच्या मालमत्तेतला लेकीचा वाटा तिला विनाअडथळा मिळावा. ही विश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला, रसूलला.

‘‘पुन्हा वाच,’’ आई म्हणाली.

तिने पुन्हा वाचलं.

मराठ्यांचा अंमल अहमदाबादेवर १७५३ मध्ये बसला. रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं, पेशवे आणि गायकवाडांनी वसुली वाटून घेतली, आणि मधली थोडी वर्षं वगळली तर १८१७ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत ते मराठ्यांकडे होतं. त्या काळाबद्दल तिथे फार प्रेमाने बोललं जात नाही आणि मला त्याचा राग येत नाही. दोन मालकांची वसुली ज्या शहराच्या वाट्याला येते, त्याचं काय होतं हे समजायला इतिहासकार लागत नाही. पण त्या अमलातली ही एक गोष्ट दगडावर राहिली, आणि ती लेकींच्या बाजूची आहे. मी शाळेत मराठ्यांचा इतिहास भरपूर शिकले. अटकेपार झेंडे पाठ होते. चिमणाजी रघुनाथ हे नाव पन्नासाव्या वर्षी एका चपलांच्या दुकानासमोर कळलं.

त्या रात्री हॉटेलवर मला झोप आली नाही. एक विचार सारखा येत होता. जे मुळातच सगळे पाळतात, ते कुणी दगडात कोरून शहरातल्या सगळ्यात गर्दीच्या वाटेवर लावत नाही. म्हणजे १८१२ मध्ये अहमदाबादेत लेकींचे वाटे अडवले जात होते, हिंदूंच्या घरांत आणि मुसलमानांच्याही. शास्त्राचा आधार नव्हता म्हणावं तर तसंही नाही. गुजरात आणि मुंबई इलाख्यात वारशाच्या बाबतीत नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथाला मान होता. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन स्थायिक झालेलं. या भागातल्या परंपरेत बापाचा वारसा लेकीकडे आला तर तो पूर्ण मालकीने येतो, असं पुढे इंग्रजी न्यायालयांनीही मानलं. अर्थात मुलगा नसेल तर. कुराणात तर मुलीचा वाटा, मुलाच्या निम्मा का होईना, ठरवूनच दिलाय. तरी या हुकमानंतर पस्तीस वर्षांनी, १८४७ मध्ये, मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि कच्छी मेमन या मुसलमान समाजांच्या खटल्यांत निकाल दिला की त्यांच्या रूढीत लेकींना वाटा नाही, आणि रूढीच चालेल. खांबावरचा दगड महादेव आणि अल्ला दोघांची शपथ घालत उभाच होता. न्यायालयात रूढी जिंकली.

रूढी कशी जिंकते हे मी लहानपणी पाहिलंय.

१९८६ चा मे महिना. आदल्या वर्षी आजोबा, आईचे वडील, गेले होते. आईचं माहेर वाई तालुक्यात, कृष्णेच्या काठचं गाव. धाकटे मामा एसटीने पुण्याला आईला न्यायला आले. मला सुट्टी होती, मीही गेले. घरात नेहमीसारखं होतं, आंबे होते, मामी पुरणपोळ्या करत होत्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही मामा, आई आणि मी वाईच्या कचेरीत गेलो. बाकावर खूप वेळ बसलो. मग आईला आत बोलावलं. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘‘ताई, राजीखुशीने सोडताय ना हक्क?’’ आई ‘‘हो’’ म्हणाली. सह्या झाल्या, अंगठ्याची शाई तिने पदराच्या आतल्या बाजूला पुसली. नंतर ढोल्या गणपतीला गेलो, नदीच्या घाटावर बसून उसाचा रस प्यालो. थोरल्या मामांनी हिरवी इरकल साडी घेतली. निघताना ओटी भरली. मामा रडले. आईही रडली. मला वाटलं काहीतरी फार चांगलं झालंय.

त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. महाराष्ट्रात वाढलेल्या कुठल्याही बाईला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. लेकीचा वाटा चोळी-बांगडीत आणि लग्नाच्या खर्चात फिटला, हे सगळ्यांना मान्य असतं. सही करणारी बहीण मनाची मोठी, न करणारी भावाच्या मुळावर उठलेली. माझे मामा वाईट माणसं नव्हती. त्यांनी आईला कधी काही कमी केलं नाही. पण त्यानंतर आई माहेरी जायची ती पाहुणी म्हणून. आधी ती सरळ माजघरातून परसात जायची, नंतर पडवीत थांबून ‘‘येऊ का?’’ म्हणायची. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. खूप नंतर, माझी स्वतःची लेक झाल्यावर, आठवलं.

आणि आता आमची पाळी होती. बाबांच्या नावावर कोरेगावकडे तीन एकर, वाडवडिलांची. विहीर आहे. दादा महिन्यातून एकदा जातो, वाटेकऱ्याशी तोच बोलतो, मोटार जळली की पैसे तोच भरतो, मी त्यात कधी लक्ष घातलं नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला एका नातेवाइकांनी सुचवलं, तलाठ्याकडे वारसनोंद करतानाच बहिणीचं हक्कसोडपत्र करून टाका, पुन्हा पुन्हा हेलपाटे नकोत. दादा काही बोलला नाही, मीही नाही. कागद टाइप होऊन आला. तो माझ्या कपाटात चार महिने होता. मी सही करणार नव्हते असं नाही. करणारच होते. फक्त ड्रॉवर उघडला की वरची फाईल घ्यायचे आणि खालचा कागद तसाच ठेवायचे.

कायद्यात काय आहे हे मला माहीत होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या वाट्यात लेक वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत लेकीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ मध्ये केंद्राने सगळ्यांना दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. इतकं सगळं माझ्या बाजूला असताना, माझ्या प्रेमळ दादाला ‘‘माझंही नाव राहू दे’’ एवढं वाक्य मी म्हणू शकले नव्हते. कायदा हक्क देतो, तो मागायला लागणारा आवाज देत नाही. ज्या घरात तो आवाज कुणी ऐकलेलाच नसतो, तिथे तो कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी पाटणला जायचं होतं. सकाळी आई तयार होऊन बसली आणि म्हणाली, ‘‘तुम्ही जा. मला तो दिवा बघायचाय. काल उजेडात दिसला नाही.’’ कुणीच पाटणला गेलं नाही. दिवसभर भद्रच्या पटांगणात फिरलो, सिदी सय्यदची जाळी बघितली. लाल दरवाजाजवळच्या ‘लकी’मध्ये चहा आणि मस्काबन खाल्ला. तिथे टेबलांच्या मधून कबरी आहेत, हिरव्या रंगवलेल्या, भोवती छोटं कठडं, आणि माणसं त्यांच्या बाजूने बसून निवांत चहा पितात. आई म्हणाली, हे बरं आहे, कुणाला उठवलं नाही.

तिथेच तिने दादाला विचारलं, साखर ढवळत. ‘‘हिच्याकडचा तो कागद झाला का रे?’’

दादा म्हणाला, ‘‘घाई नाही आई.’’

‘‘मी घाईचं नाही विचारत. कुणी करायला सांगितला?’’

दादा गप्प. वहिनी कपाकडे बघत होती. माझं हृदय धडधडायला लागलं, लहानपणी निकालाच्या दिवशी धडधडायचं तसं.

‘‘सगळेच करतात ना,’’ दादा म्हणाला. तो खरंच म्हणत होता. मग माझ्याकडे वळून, ‘‘तुला नको आहे का करायला? तू बोलली नाहीस काही.’’

मी म्हटलं, ‘‘नको आहे.’’

दोन शब्द. त्यासाठी मला अहमदाबादला यावं लागलं. पुढे मी बरंच काही बोलले, तुझे कष्ट मला माहीत आहेत, पैशाचा प्रश्न नाही, विहिरीच्या खर्चात मी यायला हवं होतं, माझी चूक. दादाने मधेच थांबवलं. ‘‘पैशाचा प्रश्न नाही असं नको म्हणू. शेतीत पैसाच लागतो. मोटारीला या वर्षी अकरा हजार गेलेत, अर्धे पाठव.’’ आणि तो हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. वहिनी इतका वेळ बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, ‘‘माझं तर करून झालंय.’’ तिच्या माहेरी तीन वर्षांपूर्वी. आम्हाला कुणाला माहीतही नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी त्रण दरवाजाला पुन्हा गेलो. बाजार दिवसापेक्षा दाट झाला होता, लाऱ्यांवर पिवळे दिवे. चपलावाल्याने आईच्या पायाकडे आधी बघितलं, लागत नाहीत ना? मग कोनाडा दाखवला. दिवा लहानसा आहे. दुकानांच्या झगमगाटात तो शोधावा लागतो, आणि एकदा दिसला की मग तोच दिसतो. आईने हात जोडले. मग खांबाकडे गेली आणि त्या झिजलेल्या अक्षरांवर तळहात ठेवून उभी राहिली. मागून एक स्कूटरवाला हॉर्न देत होता. दादाने त्याला हाताने थांबवलं.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून फोनवर काहीतरी लिहीत होती. एकाएकी आई म्हणाली, ‘‘गट नंबर दोनशे सतरा.’’

‘‘काय आज्जी?’’

‘‘आमच्या नदीकाठच्या शेताचा. पूर्वेला ओढा. पश्चिमेला थोरल्या मामांनी घेतलेलं जाधवांचं रान. उत्तरेला गाडीवाट.’’ ती जरा थांबली. चाळीस वर्षांत या शेताचा एक शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ‘‘दक्षिणेला नदी. तिथे बांधावर दोन आंबे होते. एक माझ्या जन्माच्या वेळी अण्णांनी लावलेला. लिहून घेतेस का?’’

लेक उठून बसली. ‘‘सांग,’’ ती म्हणाली, ‘‘पूर्वेपासून सांग.’’